लढाई चालू नसताना

माझ्या दवाखान्याच्या भाडेकरारात शेवटून दुसरं कलम असं आहे: भाडेकरू या गाळ्याच्या दर्शनी भागावर, आतल्या भिंतींवर, औषधांच्या पुड्यांवर अथवा कोणत्याही छापील कागदावर लाल रंगाची फुली काढणार नाही, काढवून घेणार नाही, आणि अन्य कोणी काढल्यास ती पुसून घेईल. करार दर अकरा महिन्यांनी नवा होतो. एवढ्या वर्षांत बाकीची कलमं इकडची तिकडे झाली, हे एक जागचं हललं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एजंटच्या तोंडाकडे पाहत राहिले. तो म्हणाला, "मॅडम, टेन्शन घेऊ नका. म्हातारा माणूस सोन्यासारखा आहे, फक्त तेवढं एक आहे."

गाळा नवी मुंबईत, बोनकोडे गावात, घरमालक काकांच्या तीनमजली घराच्या तळाला. मी तेव्हा होमिओपॅथीची नवीकोरी डॉक्टर होते आणि बोर्ड आधीच रंगवून घेतला होता. माझं नाव, पदवी, वेळा, आणि डाव्या कोपऱ्यात वीतभर लाल फुली. कलम वाचून सही केली होती, पण बोर्ड एकदा लागल्यावर कोण एवढं बघतंय, अशी माझी समजूत होती. बोर्ड टेम्पोतून उतरायच्या आत काका हजर. पांढरा शर्ट, चौकड्याची लुंगी, उजवा पाय किंचित ओढत चालणं, आणि हातात कापडी पिशवी. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं,

"लराई चालू हाय काय?"

मी म्हटलं, कुठे? ते म्हणाले, हितं, कोपरखैरण्यान. मी म्हटलं, नाही. मग त्यांनी विचारलं की मी फौजेत आहे का. मी तेही नाही म्हटलं. "मंग पुसू काय?" असं म्हणून ते थांबले. करारावर माझी सही होती, भिंत त्यांची होती, तरी मी "पुसा" म्हणेपर्यंत ते बोर्डाला हात न लावता उभे राहिले. मी हो म्हटल्यावर पिशवीतून हिरव्या रंगाचा डबा, दोन इंची ब्रश, टर्पेंटाइनची बाटली आणि जुन्या बनियनची चिंधी निघाली. दहा मिनिटांत माझी फुली हिरवी झाली. काठ इतके नेटके की पेंटरनेही मान डोलावली. त्यांच्या आगरी बोलीत गाडीची गारी होते आणि लढाईची लराई, हे कळायला मला आठवडा लागला. माणूस कळायला बराच जास्त वेळ गेला.

त्यांचं म्हणणं असं होतं. पांढऱ्यावरची लाल फुली हे डॉक्टरांचं चिन्ह नाही. ते दवाखान्याचं नाही, मेडिकलचं नाही, मलमपट्टीच्या डब्याचंही नाही. लढाईत जे जखमी झाले, आणि त्यांना जे उचलून नेतात, त्यांच्यावर गोळी झाडायची नाही, हे सांगायची ती खूण आहे. सगळ्या देशांनी मिळून ती ठरवलेली, आणि आपल्याकडे साठ सालापासून तसा कायदाही आहे. काकांची शाळा सातवीत सुटली होती. पण पहिल्या मजल्यावर एक वकील भाडेकरू राहून गेला होता, त्याच्याकडून त्यांनी जिनिव्हाचे करार मराठीत समजावून घेतले होते, रोज संध्याकाळी चहाबरोबर दोन कलमं. वकील अकरा महिन्यांनी जागा सोडून गेला. काकी म्हणायच्या, पोरगा चांगला होता, पण चौथ्या करारापर्यंत दमला.

"दुनियेन निशानी एकच हाय," काका सांगायचे. "ती सगल्यांनी दुकानाव लावली, तं बंदूकवाल्याला कसा समजंल खरी कंची?"

रोज संध्याकाळी पाच वाजता ते पिशवी घेऊन बाहेर पडत. बोनकोड्यातून कोपरखैरणं, तिथून घणसोली, कधी रिक्षाने थेट नेरूळकडे सारसोळ्याला बहिणीकडे, आणि बहीण नुसतं निमित्त. वाटेत जिथे लाल फुली दिसेल तिथे आत जायचं, नमस्कार करायचा, लढाई चालू आहे का विचारायचं. डॉक्टर गोंधळायचे. कम्पाउंडर त्यांना पेशंट समजून नंबर द्यायचे, आणि काका नंबर घेऊन रांगेत बसायचे. आपली पाळी आली की डॉक्टरसमोर स्टुलावर बसून म्हणायचे, मना काय झाला नाय, तुमच्या बोर्डाला झालाय. बरेच डॉक्टर हाकलून देत. काहीजण, बहुधा लवकर सुटका व्हावी म्हणून, हो म्हणत. हो म्हटल्याशिवाय काकांनी कधी कुणाच्या बोर्डाला ब्रश लावला नाही. एकदा एका मेडिकलवाल्याने वैतागून "लावा काय लावायचं ते" असं म्हटलं, तर ते परत आले. रागात दिलेली परवानगी परवानगी नसते, असं त्यांनी मला समजावलं. चार दिवसांनी पुन्हा गेले, त्याचा मूड बघून.

लोकांनी आपापली कारणं शोधली होती. कुणी म्हणे वास्तुशास्त्र. कुणी म्हणे डॉक्टरच्या हातून घरचं कोणी दगावलं असणार. एकदा धर्माचा काही वाद आहे की काय म्हणून दोन सभ्य गृहस्थ समजूत काढायला आले. काकांनी त्यांना चहा दिला, तुमची फुली वेगली, तिचा खालचा दांडा लांब, तिच्याशी माझा काही संबंध नाही असं सांगितलं, आणि जाताना त्यांच्या मोटारीतल्या औषधाच्या पेटीवरची तेवढी हिरवी करून दिली. नातीला शाळेत फॅन्सी ड्रेसला नर्स करायचं ठरलं तेव्हा टोपीवरची फुली हिरवी निघाली. परीक्षक बाईंनी विचारलं, ही आयुर्वेदिक नर्स आहे का? नातीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. सून आठवडाभर सासऱ्यांशी बोलली नाही.

लढाई नसेल तिथेही काकांचे नियम लागू असत. गावच्या मैदानात टेनिस बॉल क्रिकेटचे सामने होतात आणि सामन्यांच्या शेवटी बऱ्याचदा मारामारी होते. एका वर्षी स्टंप उपसले गेले, खुर्च्या उडाल्या, आणि काका लुंगी सावरत थेट मधोमध जाऊन स्कोअर लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी उभे राहिले. लिहिणारा लढत नाही, तो सामान्य नागरिक आहे, त्याला हात लावायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. बाकीच्यांनी काय वाटेल ते करावं, ते काकांच्या कक्षेत नव्हतं. दोन्ही बाजूंनी टेबलाला वळसा घालून मारामारी पूर्ण केली. मग सगळ्यांच्या टाक्यांसाठी माझ्याकडे रांग लागली आणि स्कोअर लिहिणारा त्या रांगेत सगळ्यांना कोण जिंकलं ते सांगत फिरत होता. कुणी ऐकून घेतलं नाही.

आता माझंही सांगून टाकते. दोन वर्षांत माझी जुनी मोटार आली आणि तिच्या मागच्या काचेवर मी लाल फुलीचा स्टिकर लावला. सगळे डॉक्टर लावतात. स्टेशनजवळ गाडी उभी केली तर टोइंगवाले सोडून देतात, नाक्यावर हवालदार हात दाखवत नाही. काकांना दिसू नये म्हणून मी गाडी दवाखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, तळ्याच्या कडेला लावायची आणि उरलेलं अंतर चालत यायची. चालणं तब्येतीला चांगलं असतं, असं मी काकींना सांगितलं होतं. सात वर्षं मी हे केलं. या गोष्टीची मला लाज वाटते, आणि तेव्हाही वाटत होती.

काकांच्या या सगळ्याचं कारण मला पाचव्या वर्षी कळलं, तेही त्यांच्या पायाला जखम झाली म्हणून. ड्रेसिंग करताना लुंगी वर घ्यावी लागली तर उजव्या मांडीवर जुन्या, ओबडधोबड टाक्यांची लांब रेघ. मी विचारलं. त्यांनी हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. तरुणपणी ते जहाजावर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. उरणच्या मोरा बंदरातल्या एका ओळखीच्याने लावून दिलेली नोकरी. आखातात दोन देशांची लढाई चालू होती आणि यांचं मालाचं जहाज मधून चाललं होतं. दुपारी जहाजावर काहीतरी येऊन आदळलं.

"मी भात शिजवत होतो," काका म्हणाले. "भात शिजवनारा मानूस सैनिक नसतो. पन त्या बॉम्बला काय म्हायती, आतमंदी भात चाललाय."

काकी दारात भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "करपला अशेल." इतक्या वर्षांच्या संसारात या विषयावर त्यांचं मत एवढंच होतं.

मला वाटलं, आता पुढे ती गोष्ट येणार. लाल फुली असून गाडीवर गोळ्या झाडल्या, सोबती गेला, असं काहीतरी. मी तसा चेहराही करून बसले होते. पण तसं काही घडलंच नव्हतं. जखमींना किनाऱ्यावर आणलं, एका डब्यासारख्या गाडीत घातलं. त्या बंदराच्या गावातही चकमकी चालल्या होत्या. रस्त्यात एका सैनिकाने गाडी अडवली, बंदूक रोखली, दार उघडलं. काका गाडीच्या तळाशी पडलेले, त्यांना त्याचे बूट आणि बंदुकीचं तोंड दिसत होतं. सैनिकाने वाकून दारावरची खूण पाहिली. ती फुलीसुद्धा नव्हती, लाल चंद्रकोर होती. तिकडे कोर वापरतात, कायदा दोघींना एकच. त्याने खूण पाहिली, बंदूक खाली केली आणि दार लावून घेतलं. गाडी पुढे गेली, मांडी शिवली, तीन महिन्यांनी काका बोनकोड्यात.

"त्याना मना बघितलाच नाय," ते म्हणाले. "निशानी बघितली. त्याच्या गावान जर ती कोंबरीच्या दुकानाव पन अस्ती, तं त्याना दार लावला नस्ता."

एवढं बोलून त्यांनी लुंगी खाली केली आणि पट्टी ओली करायची की कोरडी ते विचारलं. मी त्या दिवशी गाडीकडे चालत जाताना तळ्याच्या कडेला बराच वेळ उभी राहिले. स्टिकर काढला मात्र नाही. दुसऱ्या दिवशी वाशीला जायचं होतं आणि तिथे पार्किंगची बोंब असते.

काकांचा खरा सामना होता तो एका ॲम्ब्युलन्सवाल्याशी. मूळचा बीडकडचा, स्वतःची व्हॅन, कोपरखैरणे स्टेशनपाशी उभा असायचा. व्हॅनच्या दोन्ही अंगांना, मागच्या दारावर आणि टपावर अशा चार फुल्या, चारही लाल आणि चारही भल्या मोठ्या. काका दोन वर्षं त्याच्या मागे होते. तो नाही म्हणायचा नाही. तो म्हणायचा, "काका, सोमवारी नक्की." सोमवारी काका डबा घेऊन जायचे तेव्हा तो पेशंट घेऊन गेलेला असायचा. मला तो एकदा म्हणाला, "मॅडम, तुमीच सांगा. लाल बघून लोक साइड देतात. हिरवी केली तर पब्लिकला वाटेल भाजीची गाडी हाय. आत माणूस मरंल ना." त्याचंही खोटं नव्हतं. मी ते काकांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याचाच तं डर हाय मना. सगलेच लावाला लागले, आता साइड पन कोन कवरे दिवस देल?" त्यांना खरोखर असं वाटायला लागलं होतं की खूण झिजत चालली आहे आणि आपल्या डोळ्यांदेखत ती कुणीच मानेनासं होईल. रात्री झोप लागत नाही, अशी तक्रार घेऊन ते त्याच महिन्यात माझ्याकडे आले. मी गोळ्या दिल्या. गुण आला नाही.

मग एका मे महिन्यात सीमेवर तणाव वाढला. टीव्हीवर नकाशे फिरायला लागले, सायरन तपासले गेले, आणि आमच्याकडच्या मैदानावर मॉक ड्रिल ठरलं. हल्ला झाला तर नागरिकांना कसं वाचवायचं याची रंगीत तालीम. काका सकाळी आठला माझ्याकडे आले, दाढी करून. मी म्हटलं, काका, आता खरंच लढाई झाली तर फुली लावायला हरकत नाही ना? ते म्हणाले, तेव्हासुद्धा हॉस्पिटलला सरकारची परवानगी लागते, चौथ्या करारात लिहिलंय, आणि अर्ज कुठे करायचा ते कुणालाच माहीत नाही, मी चार ठिकाणी इचारून आलो.

ड्रिलमध्ये काही ज्येष्ठ नागरिक जखमी होणार होते. काका जखमी नंबर सात. गळ्यात पुठ्ठ्याची पाटी: "डोक्याला मार, शुद्धीवर." काकांनी पेन मागून त्याखाली "नागरिक, निःशस्त्र" असं लिहिलं. मग त्यांचं लक्ष स्वयंसेवकांच्या दंडावरच्या पट्ट्यांकडे गेलं. कॉलेजची मुलं-मुली होती ती, कुणीतरी हौसेने पट्ट्यांवर लाल फुल्या छापून आणल्या होत्या. काकांनी एकेकाला लढाई चालू आहे का विचारलं. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आता समजायचंय ना, की चालू आहे?" हा मुद्दा काकांच्या डोक्यात आला नव्हता. त्यांनी विचार केला आणि सांगितलं की समजायची असेल तर परवानगीही समजायची, पण ती आधी मागायची. शिट्टी गळ्यात घातलेल्या संयोजकांनी घड्याळ पाहिलं. शेवटी सगळ्यांनी पट्ट्या उलट्या करून बांधल्या. ड्रिलला अर्धा तास उशीर झाला.

ॲम्ब्युलन्स तीच होती, चार फुल्यांची. ड्रायव्हरने काकांना पाहून हात जोडले आणि सोमवारी म्हणाला. काकांनी संयोजकांना निक्षून सांगितलं की मला हातगाडीवर घालून न्या, पण मी त्या गाडीत चढणार नाही. हातगाडी मागवली गेली. मैदानावरचे सगळे हसत होते, आणि मीही हसत होते.

सायरन वाजला. जखमी आपापल्या जागी आडवे झाले. काका बास्केटबॉलच्या खांबाखाली, उन्हात. मी फर्स्ट एडच्या टेबलावर होते. काकांना दरदरून घाम आला होता, पण मे महिना होता, घाम मलाही आला होता. त्यांनी डावा हात छातीशी घेतला. पाटीवर डोक्याला मार लिहिलं होतं, म्हणून संयोजक मोबाइलवर शूटिंग करता करता म्हणाले, "काका, डोकं, डोकं." कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण उठलेही नाही.

गोंधळात दोन स्वयंसेवकांनी चुकून त्यांनाच आधी उचललं आणि स्ट्रेचर थेट ॲम्ब्युलन्सच्या मागच्या दाराशी नेलं. सगळं मैदान थांबून बघायला लागलं. आता काका स्ट्रेचरवर उठून बसणार आणि कलमं म्हणून दाखवणार. ड्रायव्हर तर ऐकून घ्यायच्या तयारीत टोपी काढून उभा होता. दारावरची फुली काकांच्या तोंडापासून दीड हातावर होती. त्यांनी मान वळवून ती पाहिली, नीट पाहिली. आणि डोळे मिटून घेतले. एक शब्द बोलले नाहीत.

मी टेबल उलटून धावले. खरोखर उलटून, कापसाचे बोळे मैदानभर झाले.

नाडी बोटाला लागत नव्हती. मी बॅगेतली ॲस्पिरिन त्यांच्या तोंडात घातली, चघळा म्हटलं, आणि ओरडले की हॉस्पिटलला घ्या. संयोजक म्हणाले, मॅडम, गाडी फक्त गेटपर्यंत जाऊन परत येणार आहे, तसं ठरलंय. मी म्हटलं, हे खरं आहे. ते कौतुकाने हसले, म्हणाले, मस्त, असंच करा, कॅमेरा इकडे आहे. मी पुन्हा सांगितलं, हे ड्रिल नाही. "ड्रिलमध्ये असंच म्हणायचं असतं," असं कोणीतरी बाजूला असलेल्याला समजावलं. काकांच्या गळ्यातली पाटी मी तोडून फेकली. त्यालाही टाळ्या पडल्या. त्या घटकेला मला जेवढं हतबल वाटलं तेवढं आयुष्यात कधी वाटलेलं नाही. हातातला माणूस चालला होता आणि माझ्यापाशी खरं बोलायला एकही न वापरलेला शब्द उरला नव्हता.

मग मी ड्रायव्हरकडे वळले. त्याला म्हटलं, "काकांनी तुझी फुली बघितली आणि काही बोलले नाहीत."

त्याचा चेहरा उतरला. टोपी तिथेच टाकून तो स्टिअरिंगवर जाऊन बसला. दार लागायच्या आधी गाडी मैदानाबाहेर होती.

पुढचं सगळं वेगाने झालं. वाशीला पोचलो, हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली, डॉक्टर म्हणाले अर्धा तास उशीर झाला असता तर आशा नव्हती. काकी आल्या. मैदानावर इतकी माणसं असून कुणाला कळू नये, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि त्यांच्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. तिसऱ्या दिवशी काकांना बोलायची परवानगी मिळाली. मी आत गेले. मला वाटलं ते गाडीचा नंबर विचारतील, तक्रार करायला.

"बाय," ते म्हणाले, "मी मागच्या काचेतना बघत होतो. रिक्षा बाजूला झाल्या. बस थांबली. टँकरवाल्याना पन गारी कडंला घेतली." त्यांना दम लागला. मी बोलू नका म्हटलं. ते बोललेच. "मना वाटलेला आता कोन मानत नशेल. पन मानतात गो. अजून मानतात."

त्यांचे डोळे भरून आले होते. नऊ वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं. मी थट्टा केली. म्हटलं, मग आता रंगवायची गरज नाही म्हणायची.

"आता तं जास्त हाय," ते म्हणाले. "शिल्लक हाय तवर. त्याला सांग, सोमवार नाय, आज." मग जरा थांबून, छताकडे बघत, "तुझ्या गारीची पन."

सात वर्षं त्यांना माहीत होतं. तळ्याकडून ते रोज पाच वाजता पिशवी घेऊन जायचे, दिसणारच. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. ते म्हणाले, "बोर्ड माझ्या भितीव होता. गारी तुझी. घरमालकाना बोल्ल्याव तू हो बोल्ली अस्ती, ती काय परवानगी होती?"

ड्रायव्हर खाली आवारात होता. तीन दिवस तो दोन फेऱ्यांच्या मध्ये येऊन बसत होता. मी निरोप सांगितला. त्याने काकांच्या घरून डबा आणला आणि हॉस्पिटलच्या आवारातच चारही फुल्या हिरव्या केल्या. काठ काही नेटके आले नाहीत. आता लोक साइड देतात का, असं मी त्याला हल्लीच विचारलं. म्हणाला, "देतात मॅडम. सायरन मोठा बसवलाय."

मी माझा स्टिकर त्याच दुपारी काढला. सात वर्षं उन्हात भाजून तो काचेला घट्ट बसला होता, नखं दुखेपर्यंत खरवडावा लागला.

काका त्यानंतर आठ महिने जगले. पिशवी उचलायची मनाई होती, म्हणून नुसतेच फिरायला जायचे आणि कुठे काय दिसलं ते मला येऊन सांगायचे. एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. करार आता काकी करतात. शेवटून दुसरं कलम ठेवायचं का, असं एजंटने विचारलं, तेव्हा काकींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पान उलटलं. डबा माझ्याकडे आहे. त्यातला रंग वरून सुकून गेला होता, मी नवा भरला.

मागच्या महिन्यात स्टेशनबाहेर घाईत गाडी लावली आणि परत येते तर हवालदार मोबाइलवर तिचा फोटो काढत होता. माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप पाहून तो ओशाळला. म्हणाला, "डॉक्टर हाय का तुमी? मग काचेवर ते लाल चिन्ह लावायचं ना मॅडम. आमी हात नसता लावला."

मी त्याला विचारलं, "लढाई चालू आहे का?"

त्याने आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग म्हणाला, "नाय."

"मग दंड लावा," मी म्हटलं.